यमुताईंची साक्ष

समन्स आलं तेव्हा यमुताई पोळ्या लाटत होत्या. पोलीस शिपायाने सही घेतली, कागद दिला आणि तो निघून गेला. चष्मा लावून वाचताना त्यांना 'फौजदारी', 'न्यायदंडाधिकारी' आणि 'गैरहजर राहिल्यास वॉरंट' एवढंच दिसलं. तव्यावरची पोळी करपली.

"काहून गेली होती वं तू जबाब द्याले?" विश्वनाथ, त्यांचे यजमान, म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतून शेजारच्या नत्थूजींची स्कूटी चोरीला गेली होती. यमुताई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. एक माणूस गाडी ढकलत नेताना त्यांनी वरून पाहिला होता. पोलीस जबाब लिहीत असताना नत्थूजी समोरच उभे होते, तोंड एवढंसं झालेलं. त्यांच्या भिडेपोटी यमुताई बोलून गेल्या, "पुन्हा दिसला तर ओळखीन."

नत्थूजींची साक्ष मागच्या तारखेला झाली होती. "तुमी फक्त बोट दाखवा यमुताई," ते म्हणाले. "बाकी सरकारी वकील पाहून घेतात."

तारखेला यमुताई कोर्टात पोचल्या त्या बीपीच्या गोळ्या, टॉवेल आणि दोन वेळचा डबा घेऊन. आत टाकलंच तर असू द्यावं म्हणून. विश्वनाथ त्यांना बाकावर बसवून गाडी लावायला गेले, आणि दुपारपर्यंत त्यांना जागाच मिळाली नाही.

बाकावर पांढऱ्या शर्टातला एक तिशीतला माणूस बसला होता. त्याने पिशवीतून डोकावणारा टॉवेल पाहिला.

"मावशी, समन्स दाखवा बरं. हे पाहा, तुमी साक्षीदार आहा. आरोपी नाही. साक्षीदाराले कोनी अंदर नाही टाकत."

यमुताईंच्या जिवात जीव आला. "तुमी इथंच असता का गा?"

"तीन वर्सांपासून येऊन राहिलो."

वकिलाचा मुनशी असणार, असं यमुताईंनी ठरवून टाकलं. त्यांनी डबा उघडला. जेवता जेवता त्याने सगळं समजावलं. आधी सरकारी वकील विचारतात, तो सरतपास. मग आरोपीचा वकील विचारतो, ती उलटतपासणी. तो आवाज चढवेल, घाबरायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. नसेल आठवत तर 'आठवत नाही' हेही उत्तर असतं.

"आन आरोपी म्हंजे चोरच ना?"

"सिद्ध होईपर्यंत नाही, मावशी. तोवर फक्त आरोप असते."

यमुताई चोरीची हकीकत सांगू लागल्या, तर त्याने हात वर केला. "साक्षीतलं बाहेर कोनाले सांगू नये." माणूस कायद्याचा पक्का होता.

दुपारी पुकारा झाला. यमुताई आत गेल्या. पांढऱ्या शर्टातला माणूसही आत आला, आणि सरळ जाऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

यमुताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांनी शपथ घेतली. गाडी ढकलणारा माणूस पाहिला, हे सांगितलं. मग सरकारी वकिलांनी विचारलं, "तो माणूस आज कोर्टात हजर आहे का?"

यमुताईंना नत्थूजींचं उतरलेलं तोंड आठवलं. बोट उचलायचा अवकाश होता. त्यांनी पुन्हा पिंजऱ्याकडे पाहिलं.

"साहेब, हा सकाळपासून माह्या बाजूले बसला होता. माह्या डब्यात जेवला. तीन घंटे मले ओळखू आला नाही. मंग तेव्हाचा मानूस हाच होता, हे मी आता शपथेवर कसं सांगू?"

आरोपीच्या वकिलाने हातातले कागद सावकाश मिटले. सरकारी वकील लालबुंद होत म्हणाले, "साक्षीदार फितूर झाली आहे. आता मलाच तिची उलटतपासणी घेण्याची परवानगी असावी."

"फितूर म्हंजे?" यमुताईंनी भांबावून विचारलं.

"जो साक्षीदार आपल्याच बाजूवर उलटते तो, मावशी," पिंजऱ्यातून उत्तर आलं.

"आरोपीने गप्प राहावं," न्यायाधीश म्हणाले.

अर्ध्या तासाने यमुताई घामाघूम होऊन बाहेर आल्या. मागून तो आला आणि त्याने वाकून नमस्कार केला. यमुताईंनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"एक विचारू? गाडी तूच नेली होती का गा?"

तो खाली पाहत म्हणाला, "मावशी, आरोपीले गप्प राहायचा हक्क असते."

संध्याकाळी नत्थूजी फाटकातच उभे होते. "काय झालं यमुताई? आरोपीची ओळख पटली का?"

विश्वनाथांनी गाडीच्या आरशाकडे पाहिलं. यमुताईंनी पिशवी सावरली.

"चांगली ओळख झाली," त्या म्हणाल्या, आणि भरभर घरात शिरल्या.