उरकुडाजींच्या खळ्यातील हवाना

सडक अर्जुनीत कोणाच्याही अंगणात टेकले, तर पाण्याचा गडवा पुढे येतो. उरकुडाजींच्या खळ्यातील एका चिऱ्यावर टेकले, तर काठी अंगावर येत असे.

"उठा जी! काऊन बसले? ते देवळाची पायरी आहे, बसाची जागा नाही होय!"

त्या चिऱ्याच्या खाली दुसरी पायरी नव्हती, आणि वर चढून जावे असे देऊळही नव्हते. तणसीचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, दोन ढीग तेवढे होते. परंतु उरकुडाजींच्या लेखी ते हवाना शहराचे मोठे प्रार्थनामंदिर होते.

तरुणपणी घरातून पळून ते रेल्वेने कलकत्त्यास गेले आणि जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकण्याच्या कामास लागले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी एकदा ते जहाज साखर भरण्यासाठी सातासमुद्रांपलीकडील हवाना बंदरात थांबले. खलाशांना एका दिवसाची सुटी मिळाली, आणि स्पेनच्या राजांनी वसविलेले ते जुने शहर एका स्थानिक वाटाड्याने त्यांना सकाळपासून सायंकाळपर्यंत हिंडून दाखविले. उरकुडाजी गावी परतले ते एवढा एकच दिवस घेऊन.

प्रतिवर्षी मळणी आटोपली की ते खळ्यात ते शहर मांडीत. तणसीचे ढीग म्हणजे बुरूज आणि शिखरे, धानाच्या कोंड्याच्या रेघा म्हणजे गल्ल्या, गुरांच्या पाण्याचे डबके म्हणजे समुद्र. मग एक दिवस नेमून ते गावाला शहर दाखवीत. सूर्योदयाला आरंभ होई आणि भातगिरणीचा सायंकाळचा भोंगा वाजला की समाप्ती. शेतकरी येत, महामार्गावर थांबलेले ट्रकवालेही येत. सर्वांना सारख्याच शिव्या मिळत.

"पाय उचला बे! जहाज तुमच्या बापासाठी थांबत नाही!"

"दादा, किले में चाय मिलेगी क्या?" एका ट्रकवाल्याने विचारले.

"किले में तोफ मिलेगी! चल आगे!"

एका ठिकाणी मात्र ते स्वतःच थांबत. डबक्याच्या काठी थुंकून म्हणत, "येथं माणसं साखळीनं बांधून उतरवत होते. किल्ल्याचे दगड त्याइनच वाहले. मी वाटाड्याले पुसलं, त्याइचे नाव कोठं लिहून आहेत? तो हासला. कायले हासला तो?" आणि जणू आपणच हसलो होतो, अशा रोखाने ते आम्हा सर्वांकडे पाहत.

मी गावच्या देवळातील पुजारी. चार विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवितो. क्रोधाचे दोष शिकविताना माझा स्वर कधी चढला नाही. ते व्रत मोडण्याचे श्रेय उरकुडाजींचे.

पहिल्या प्रसंगी मी त्यांना एवढेच सुचविले होते, की मंदिराचे एक शिखर जाड आणि दुसरे बारीक असणे शास्त्रास धरून नाही. मी हाताने थोडी तणस इकडची तिकडे केली.

"हात नका लावू!" ते माझ्या विद्यार्थ्यांदेखत ओरडले. "एक जाडाच आहे! तुम्ही होते का तेथं?"

मी नव्हतो. मुकाट्याने तणस परत ठेवली. परंतु रात्रीच्या जपात दोन वेळा माळ चुकली.

दुसरा प्रसंग गंभीर होता. शेजारच्या कोहमारा गावची एक वृद्धा धाकट्या मुलाचा हात धरून देवळात आली. तिचा थोरला मुलगा फागो उरकुडाजींबरोबरच जहाजावर गेला होता. उरकुडाजी परतले, फागो परतला नाही. त्यास बारा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ज्याचा इतका काळ ठावठिकाणा लागत नाही, त्याची पळसाच्या देठांची आकृती करून तिला अग्नी देण्याचा विधी आहे.

"महाराज, माह्या डोळ्यादेखत पोराले पाणी भेटू द्या," ती म्हणाली. "मी आता जास्त दिवसाची नाही."

मी होकार दिला. धाकटा मुलगा पळसाची पाने घेऊन आला, आणि त्याच्या मागोमाग उरकुडाजी आले. त्यांनी देवळाच्या ओसरीवर त्या पानांना लाथ मारली.

"जित्या माणसाले जाळता? तो बसला आहे! बसून आहे तो!"

"कोठे बसला आहे?" मी विचारले.

त्यांनी पानांना आणखी एक लाथ मारली. मी आयुष्यात प्रथमच एका माणसास देवाच्या दारात "चालते व्हा" म्हणालो.

वृद्धा मात्र रागावली नाही. "उरकुडा, तू त्याले नेलं," ती म्हणाली. "तू हो म्हणशील तवाच करीन, बाबू. नाही तर तशीच जाईन."

उरकुडाजी तसेच निघून गेले. पाने माझ्या ओसरीवर वाळली. वृद्धेचे अन्न सुटल्याचा निरोप आला, तरी त्यांचा होकार आला नाही.

पुढे खळ्यात हवाना मांडले गेले. माझा राग शमला नव्हता. तरीही मी गेलो. दिवसभर इतरांप्रमाणे शिव्या खाल्ल्या. उन्हे कलली. किल्ल्यापाशी सर्वजण उभे असताना भोंगा वाजला.

"पळा! पळा बे जहाजाकडे!"

सर्वजण हसत पळाले. मला मात्र ओसरीवरचे त्यांचे 'बसून आहे तो' आठवले. मी मागे वळलो, मंदिरापाशी गेलो आणि त्या चिऱ्यावर बसलो.

उरकुडाजी काठी उगारून धावत आले.

"उठा महाराज! भोंगा झाला!"

"ऐकला."

"जहाज जाईल ना!"

"जाऊ द्या. मी येथे बसलो आहे. मला न्यायला कोणी येते का, ते पाहतो."

काठी वरच्या वर थांबली. मग ती खाली आली. उरकुडाजी माझ्याशेजारी, त्या चिऱ्याच्या उरलेल्या वीतभर जागेत बसले. त्यांना बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

"ताप होता त्याले," ते म्हणाले. "म्हणलं, तू बस देवळाच्या पायरीवर, मी किल्ला पाहून येतो. किल्ल्यातच भोंगा झाला. मी सीधा जहाजावर पळालो. मले वाटलं, तो गेला असन पुढं." ते कोंड्याच्या रेघांकडे पाहत राहिले. "अन् त्याले वाटलं असन, मी येऊन राहिलो."

मी सरकून त्यांना चिऱ्यावर आणखी जागा करून दिली.

गुरे पाण्यावर आली. एका म्हशीने समुद्र ओलांडून अर्धा किल्ला खाल्ला. उरकुडाजींनी तिला हाकलले नाही.

"देठं किती लागतात जी?" त्यांनी विचारले.

"तीनशे साठ."

"मी आणून देतो," म्हणत त्यांनी मनाशी काहीतरी मोजले.

"लई बारीक होता जी फागो," ते म्हणाले. "एवढ्यात तर दोघं होतील."