चोचेरावाची अखंड फाईल

एका जंगलात, पोरांनो, वाघ होता, पाणी होतं, उंबरं होती, पण रेंज मात्र एकाच झाडावर यायची. डोंगराच्या टोकावरच्या वाळक्या सावरीवर. तिच्या शेंड्यावर सदा कुणीतरी मान वर करून बसलेलं असायचं.

त्या जंगलात चोचेराव नावाचा धनेश राहायचा. धनेश म्हणजे ती भली मोठी पिवळी चोच असलेला पक्षी. बघितला नसेल तर मोबाईलवर बघा. नाहीतरी दुसरं काय करता?

धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. नवऱ्यानं बाहेरून फळं आणायची, फटीतून भरवायची. त्यानं आणलं तर ती जेवणार, नाही आणलं तर भिंतीकडं बघत बसणार. एवढा विश्वास माणसाच्या बायका टाकत नाहीत. शहाण्या आहेत.

चोचेरावाची बायको कुंदा. बेहड्याच्या ढोलीत कुंदा आणि तिची दोन पिल्लं दाटीवाटीनं राहत होती. चोचेराव दिवसाला वीस-वीस फेऱ्या मारायचा. खोटं कशाला बोलू, नवरा वाईट नव्हता. मोबाईल येईपर्यंत.

मग पाखरांच्या मंडळानं स्पर्धा काढली. 'आदर्श नवरा'. नियम सोपा होता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बायकोला भरवतानाचा व्हिडिओ, मध्ये कुठंही न तोडता काढायचा आणि अमावस्येच्या आत मंडळाच्या क्लाऊडवर चढवायचा.

चोचेरावानं समोरच्या फांदीला वेलीनं मोबाईल बांधला आणि भरवायला सुरुवात केली. उंबर फटीशी न्यायचं, थांबायचं, मान वळवायची, मग द्यायचं.

"अहो, तोंडात घाला की," कुंदा आतून म्हणाली. "कॅमेऱ्याला काय दाखवताय? त्याला भूक लागलीय का?"

"जरा हळू खा. चांगलं दिसतं."

"मी अंधारात बसलेय. मी कुठून दिसणार?"

"तू नको दिसूस. मी दिसतोय."

संध्याकाळी फाईल तयार झाली. एवढी मोठी, की मोबाईल गरम होऊन गप्प झाला. जागा संपली, म्हणाला. चढवायला घेतली तर फाईल जागची हलेना. अमावस्येला चार दिवस उरले होते.

चोचेराव शेपटे मास्तरांकडं गेला. शेपटे मास्तर म्हणजे म्हातारा वानर. सहलीला आलेल्या माणसांच्या हातातून त्यानं तीन मोबाईल पळवले होते, म्हणून जंगलात तो तज्ज्ञ.

"अख्खी जाणार नाही," मास्तर म्हणाला. "तुकडे करून पाठवायची. वर गेल्यावर मंडळ जोडून घेतं."

"मग करा तुकडे."

"तुकडे होणार मोबाईलमध्येच. म्हणजे अख्खी फाईलही आत आणि तुकडेही आत. दोघांना जागा पाहिजे."

"म्हणजे जागा करायला आधी जागा पाहिजे?"

"लवकर समजलं तुला. आमच्या वानरांना आठवडा लागला." मास्तरनं बोट फिरवलं. "हे काय आहे एवढं मोठं?"

"माझ्या बापाचा आवाज. कुठलं उंबर कोणत्या दिवसात पिकतं, कुठं वटवाघळं आधी पोचतात, सगळं सांगून ठेवलंय त्यानं. मरायच्या आधी."

"यात तू दिसतोस?"

"नाही. नुसता बाप बोलतोय."

"मग ठेवून काय करायचंय?"

चोचेरावानं क्षणभर विचार केला. क्षणभरच. मग पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सावरीच्या शेंड्यावर जाऊन बसला. तुकडे चढायला लागले. पण मोबाईल पायात उंच धरून बसलं तरच रेंज टिकायची, हललं की जायची, आणि एक तुकडा तुटला की मंडळाचं क्लाऊड सगळेच परत पाठवायचं. अखंड म्हणजे अखंड. म्हणून चोचेराव हललाच नाही.

इकडं ढोलीत दुपार झाली तरी फटीशी कुणी आलं नाही. कुंदानं खारूताईला हाक मारली आणि निरोप पाठवला.

खारूताई सावरीवर चढली. "भाऊजी, वहिनी म्हणतात, उंबर आणा. पिल्लं रडतायत."

"एकोणसत्तर टक्के झालंय," चोचेराव मान न वळवता म्हणाला. "तिला सांग, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय."

खारूताईनं जसंच्या तसं सांगितलं.

"बरं," कुंदा म्हणाली. "मग दोन-चार टक्के इकडं पाठवा म्हणावं. भरवते पिल्लांना."

हे ऐकून चोचेरावाला जरा लाज वाटली. तो उडाला. पण जायचं कुठं? रोज सकाळी बापाचा आवाज सांगायचा आणि हा जायचा. आज सांगायला कुणी नव्हतं. पहिल्या उंबरावर गेला, फळं हिरवी. दुसऱ्यावर वटवाघळांनी बिया तेवढ्या ठेवलेल्या. रिकाम्या चोचीनं सावरीवर परत आला, तर टक्के शून्य.

आता मात्र तो हट्टाला पेटला. अमावस्येपर्यंत शेंडा सोडायचा नाही, म्हणाला. खारूताईनं दोन बिया आणून फटीतून टाकल्या. तिला चोच नाही, हातही एवढेसे. तिघांना काय पुरणार?

तिसऱ्या दिवशी धाकट्या पिल्लानं चोच उघडायची बंद केली. नुसतं पडून राहिलं.

कुंदानं त्याच्याकडं बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. ही भिंत तिनं स्वतःच्या चोचीनं घातली होती. त्याच चोचीनं तिनं ती फोडली.

आत बसल्यावर धनेशिणीच्या पंखांची पिसं गळतात. कुंदाची नवी पिसं अजून अर्धीकच्ची होती. तशीच ती ओढ्यापलीकडच्या तिसऱ्या उंबरावर गेली. झाड लालभडक पिकलं होतं.

तिला कसं माहीत? पोरांनो, सासरा बोलत होता तेव्हा ती शेजारच्या फांदीवर बसून ऐकत होती. चोचेराव रेकॉर्ड करत होता, त्यामुळं त्याला ऐकायची गरज पडली नाही.

कुंदानं चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला धाकट्यानं चोच उघडली.

अमावस्येच्या दुपारी चोचेराव नाचत आला. "चढली. शंभर टक्के. मोबाईलमधली पुसूनसुद्धा टाकली, आता जागाच जागा."

"दाखवा बघू," कुंदा फुटक्या ढोलीच्या तोंडाशी बसून म्हणाली. "मला कसं भरवता ते मलाही बघू दे."

चोचेरावानं बोट लावावं तशी चोच लावली. बराच वेळ बघत राहिला. "आधी क्लाऊडवरून मोबाईलमध्ये उतरवावी लागेल म्हणतोय. मंडळानं जोडल्यावर ती दुप्पट फुगलीय, तेवढी जागा नाही."

"बरं. आत जा."

"कुठं?"

"ढोलीत. पिल्लांना ऊब लागते. बाहेरचं मी बघते."

"कुंदे, मी मावणार नाही गं. जागा कमी आहे."

"तुकडे करू?"

चोचेराव आत गेला. कुंदानं ओढ्याकाठची माती आणली आणि भिंत लिंपली. फट ठेवली, चोच जाईल एवढी. मोबाईल बाहेर राहिला. त्याला खरंच जागा नव्हती.

आठ दिवसांनी मंडळ वाजतगाजत आलं. पहिलं बक्षीस चोचेरावाला. व्हिडिओ कुणीच पाहिला नव्हता, कारण परीक्षकांच्याही मोबाईलमध्ये तो उतरला नाही. मग त्यांनी जी फाईल सगळ्यात जड, तिला नंबर दिला. अध्यक्ष मोर बेहड्यासमोर उभा राहून नवऱ्याच्या कर्तव्यावर तासभर बोलला आणि पळसाच्या पानावरचं मानपत्र फटीतून आत सरकवलं.

"आभारी आहे," भिंत म्हणाली.

मंडळ गेलं. कुंदा लाल उंबर चोचीत धरून आली. आधी थोरल्याला दिलं, मग धाकट्याला. पुढचं फळ घेऊन ती फांदीवर बसली आणि स्वतः खायला लागली.

फटीतून पिवळी चोच बाहेर आली. "कुंदे, मला?"

"एकोणसत्तर टक्के झालंय," कुंदा म्हणाली.

तात्पर्य : पोरांनो, बापाचं बोलणं कधी ऐकू नये, रेकॉर्ड करून ठेवावं, आणि जागा कमी पडली की सगळ्यात आधी तेच पुसावं. बक्षीस नक्की मिळतं. फक्त बायको करताना कानांची करा, म्हणजे बक्षीस घ्यायला जिवंत राहाल.