हळद अजून तालमीत आहे

नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऑफिसचं दार ढकललं तर कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, "लोणंदच्या लेकीचं आगमन झालेलं हाय! उंची बेताची, पर नजरेत लय जिद्द!" मी दचकून मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं. लोणंदची लेक म्हणजे मीच.

हे आमचे अण्णा. उभा जन्म कुस्तीच्या मैदानात माइकवर समालोचन करण्यात गेला. सांगलीत विश्रामबागला आमची छोटी कंपनी आहे. आम्ही हळदीतला ओलावा मोजणारं यंत्र बनवतो. यंत्रानं माल तपासला की निकाल शेतकऱ्याला फोनवर ऐकू येतो, आणि तो गावाकडच्या ओळखीच्या आवाजात हवा म्हणून साहेबांनी अण्णांना आणलं. मी 'कम्युनिकेशन एक्झिक्युटिव्ह'. आई शेजारीपाजारी सांगते, पोरगी फोनवाल्या कंपनीत आहे. काम एवढंच, की मी लिहायचं आणि अण्णांनी बोलायचं.

अण्णांना बोलायला कागद लागतच नाही. चहा आला की "गरमागरम जोडी मैदानात उतरलेली हाय." प्रिंटर अडकला की "कागदाची मानगूट धरलेली हाय, सोडायला तयार न्हाई." साहेबांचा लॅपटॉप बंद पडला तरी तो बंद पडला असं म्हणायचं नाही. "पैलवान दम खातोय." अण्णांच्या राज्यात कुणी कधी हरतच नव्हतं.

घोडं तिथंच अडलं. मी लिहून दिलं, 'तुमचा माल नापास. ओलावा जास्त आहे. पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा.' अण्णांनी कागद बाजूला सारला आणि बेधडक रेकॉर्ड केलं, "राम राम पाव्हणं! तुमची हळद अजून तालमीत हाय. वल जरा जास्त हाय. ऊन खाऊ द्या, मैदान तिचंच हाय. फिरून ऐकायचं तर एक दाबा!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मला केबिनमध्ये बोलावून बजावलं, की उद्यापर्यंत अण्णांच्या तोंडून 'नापास' वदवून घे, नाहीतर तुझ्या नोकरीचा विचार करावा लागेल. मी तणतणत बाहेर आले. माझा पहिला पगारही अजून झाला नव्हता आणि हे गृहस्थ एका शब्दासाठी अडून बसलेले. म्हटलं, अण्णा, म्हणून टाका की एकदा, तुमचं काय जातंय?

अण्णा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"माज्या पोराची कुस्ती हुती. माइक माज्याच हातात. पोरगं पडलं, आन मीच वरडलो, चितपट. सवयीनं, लय जोरात. तवापासनं त्यो माज्याशी बोलत न्हाई. गावाकडं हळद करतोय. तुमचं यंत्र घेतलंय त्यानं. आता त्येचा माल वला निघाला तर मी परत तेच वरडू व्हय?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. साहेबांना जाऊन सांगितलं, अण्णांचे शब्द आता माझेच समजा, एक दिवस चालवून बघा, बिघडलं तर मला काढा. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोन जायला लागले. कुणी किती ऐकलं ते माझ्या स्क्रीनवर दिसत होतं. बरेच जण 'राम राम'लाच फोन कापत होते. अण्णा माझ्या पाठीमागं कप घेऊन उभे होते. चहा पार गार झाला होता आणि समालोचन बंद होतं.

दुपारी अण्णांनी सांगून ठेवलेला पोराचा नंबर स्क्रीनवर आला. माल ओलाच होता. फोन उचलला गेला. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग एक दाबला. ते संपलं, तर पुन्हा एक दाबला.

अण्णांना चष्म्याशिवाय स्क्रीनवरचं दिसत नव्हतं. काय चाललंय ते विचारायला तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. समालोचनाचा माइक असा माझ्याकडे आला.

"पोरगं ऐकतंय, अण्णा," मी म्हटलं. "अजून ठेवला न्हाई फोन."