मोटर चालू झाली हाय, हाड!

रेकॉर्ड केलेल्या आवाजाला उत्तर देणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली. एक आमच्या शेजारच्या म्हातारबाई. 'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं फोन म्हणाला की त्या 'बरं माय, करते' म्हणायच्या. दुसरी आमची वंदना. म्हातारबाईंचं मी समजू शकतो. वंदना मात्र शिकलेली इंजिनियर, आणि ज्या पेटीतून तो आवाज येतो ती पेटी तिच्याच कारखान्यात तयार होते.

चौसाळ्यात हायवेला लागून एक पत्र्याचं शेड आहे. तिथं शेतातल्या मोटरींचे मोबाईल स्टार्टर बनतात. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड असतं. शेतकऱ्यानं लांबून फोन लावला की मोटर सुरू होते, आणि पेटी त्याला उलटा फोन करून तसं सांगते. आमच्याकडची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. तिकडं फडात कोयता बाजूला ठेवून माणूस फोन लावतो आणि इकडं त्याच्या ज्वारीला पाणी सुटतं.

हा धंदा उभा केला वंदनाच्या वडिलांनी, आप्पांनी. पेटीतला आवाजही त्यांचाच. पहिली पेटी तयार झाली तेव्हा त्यांनी घाईघाईत अंगणात बसून वाक्य रेकॉर्ड केलं, आणि नेमकं तेव्हाच एक कुत्रं घरात शिरायला लागलं. तेव्हापासून जिल्हाभरातल्या विहिरींवरून येणारा फोन असा असतो : "मोटर चालू झाली हाय. पाणी बघा. हाड!"

चूक लक्षात आल्यावर आप्पांनी पुढच्या पेट्यांमधून ते 'हाड' काढून टाकलं. तर युसूफ वडगाव या गावचे शेतकरी पेट्या घेऊन भांडायला आले. "ह्यात हाड न्हाई. डुप्लिकेट हाय बे ही!" झालं, 'हाड' पुन्हा आत गेलं. एक गडी तर फोन स्पीकरवर ठेवून त्याच आवाजानं रानडुकरं हाकलतो असं ऐकतो. डुकरं ऐकतात की नाही हे मला माहीत नाही.

मग एके दिवशी आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वंदना पुण्याची नोकरी सोडून आली. शाळेत मी तिला मराठी शिकवलेलं, आणि माझं घर शेडला लागूनच. त्यामुळं निवृत्तीनंतर माझा सकाळचा चहा तिथंच होतो. मीच तिला सुचवलं की आता मालकीण तू आहेस, तर भाषा तरी सुधार. 'आपला विद्युतपंप कार्यान्वित झाला आहे' असं वाक्यही लिहून दिलं.

"सर," ती म्हणाली, "विहिरीवर 'कार्यान्वित' कोन म्हनतं? मोटर आतल्या आत जळंल."

मी कागद परत खिशात घातला आणि चहा प्यालो.

तिचं बोलणं सगळं विजेचं. कामाचा ताण असला की "आज लोड लई हाय." पेट्या जोडणाऱ्या टेबलावरची एखादी पोरगी रडवेली दिसली की "हिचं व्होल्टेज पडलंय, चहा द्या हिला." आणि मालकीण असून बसणार कुठं, तर प्लास्टिकच्या स्टुलावर. शेजारी आप्पांची लाकडी खुर्ची रिकामी. कुणी तिच्यावर टेकायला लागलं की वंदना ओरडते, "उठा, उठा! करंट हाय तिच्यात!"

"अगं, लाकडात करंट?" मी एकदा विचारलं.

"आप्पांची हाय सर. काय सांगता येत न्हाई."

आणि दिवसातून चारपाचदा तिचा फोन वाजतो. "मोटर चालू झाली हाय. पाणी बघा. हाड!" वंदना डोळे मिटून सगळं शेवटपर्यंत ऐकते, वर "हो, हो, आले" म्हणते आणि गाडीला किक मारून घरी निघते. वंदनाला ना शेत, ना विहीर, ना मोटर. सोल्डरिंगच्या टेबलावरच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसतात. मीही हसायचो.

परवाच्या उन्हाळ्यात सोलापूरकडचा एक व्यापारी आला. परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याच्या धाब्यावर जेवून आला होता, त्यामुळं खुशीत होता. शेकड्यानं पेट्या घ्यायला तयार, अट एकच : आवाज बदलायचा. "मॅडम, आमची गिऱ्हाइकं म्हणतात, पैसे आम्ही द्यायचे आणि वर हाड हाड ऐकून घ्यायचं?"

"आवाज तोच ऱ्हाईल," वंदना म्हणाली.

"कावून? का नाही बदलायचा?" माझ्याच तोंडून गेलं. कारण गोष्ट साधी नव्हती. विक्री मंदावली होती, आणि ही ऑर्डर गेली तर टेबलावरच्या निम्म्या पोरींना घरी बसवावं लागणार होतं. त्यातल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी. त्यांचं हसणं त्या दिवशी बंद होतं.

तेवढ्यात फोन वाजला. "मोटर चालू झाली हाय. पाणी बघा. हाड!" "हो, आले," वंदना म्हणाली आणि उठली. व्यापारी तोंड वासून बघत राहिला. "संध्याकाळपर्यंत सांगा," एवढं म्हणाला. मी मात्र चिडलो होतो. तिच्या मागच्या सीटवर बसलो आणि घरापर्यंत उपदेश करत गेलो.

घरी आप्पा खाटेवर होते. डाव्या हाताशी एक स्टार्टर. त्याच्या वायरी कुठंच गेलेल्या नव्हत्या. हिरवं बटण दाबलं की पेटी वंदनाला फोन लावते. आप्पांना पाणी हवं असो, कूस बदलायची असो की नुसतीच पोरगी जवळ हवी असो, ते असं बोलावतात. त्या फोनला मी इतके दिवस हसलो होतो; मी चपला काढल्या आणि खाटेच्या पायथ्याशी बसलो.

वंदनानं त्यांना पाणी पाजलं. ऑर्डरचं काहीच बोलली नाही. शेवटी मीच सगळं सांगितलं. ती माझ्याकडं रागानं बघत होती.

"आप्पा, आवाज तोच ठेवायचा ना?" तिनं विचारलं. "हो असंल तर हिरवं, न्हाई तर लाल."

आप्पांनी लाल दाबलं. तिच्या हातातला फोन वाजला. "मोटर बंद केली हाय."

"चुकून दाबलं असंल." तिनं पुन्हा विचारलं. आप्पांनी पुन्हा लालच दाबलं, जरा जोरात.

"मंग मी तुमचा आवाज कुठं ऐकू?" असं म्हणून वंदना रडायला लागली. शेडमध्ये कधी कुणासमोर न रडलेली पोरगी खाटेच्या कडेला डोकं टेकून रडत होती. आप्पांनी हाताशी असलेल्या पेटीवर दोनदा थाप मारली. हा आवाज इथं राहू दे. मग बोट उचलून तिच्याकडं दाखवलं. आता तू बोल.

संध्याकाळी व्यापाऱ्याला होकार गेला. नवा आवाज वंदनाचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टूल करकरायला लागलं, म्हणून तिला आप्पांच्या खुर्चीत बसावं लागलं. करंटबिरंट काही लागला नाही. मी दारात काठी घेऊन कुत्र्यांवर पहारा करत होतो. वाक्य साधंच : "मोटर चालू झाली हाय. पाणी बघा." तिनं ते परत परत ऐकलं.

"लई सुनं वाटतंय, सर."

"आप्पांना ऐकव," मी म्हणालो.

आम्ही घरी गेलो. तिनं फोन आप्पांच्या कानाशी धरला. ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. "बरं झालंय का, आप्पा?" तिनं विचारलं. शाळेत निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी उभी होती.

आप्पांचा हात सावकाश सरकला आणि त्यांनी हिरवं दाबलं. क्षणभरानं फोन वाजला : "मोटर चालू झाली हाय. पाणी बघा. हाड!"

"हो, आप्पा," वंदना म्हणाली. पेटीला काही ऐकू येत नाही, हे मला आता पाठ झालंय. पण या खेपेला आप्पा समोरच होते.