साडेनऊ गुणांचा मदरबोर्ड

बोर्डकाकांना मदरबोर्ड दुरून दाखवला तरी पुरे, ते त्याची कुंडली मांडून मोकळे! अकरा वर्षं ते एका मासिकात संगणकाचं सदर लिहीत होते आणि बघणं, पारखणं, गुण देणं हे सगळं खोक्यावरच्या चित्रावरूनच उरकत होते. पण या वेळी संपादकबाईंनी फोनवर ठणकावलं, "वाचकांची पत्रं आलीत. तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता म्हणे! बोर्ड जोडून बघा. लेखात तसं दिसलं नाही, तर सदर बंद."

"जोडायचंय काय त्यात!" काका काकूंना म्हणाले. काकू खिडकीशी बसून गिऱ्हाइकाचा कोट शिवत होत्या. "लेख कधीच तयार आहे. मांडणी उत्कृष्ट, सगळं एका बोटाने निघतं, दहापैकी साडेनऊ गुण! आता जोडलेल्या बोर्डाचा एक फोटो काढायचा आणि पाचच्या आत सगळं धाडून द्यायचं."

"चार वाजलेत," काकू सुईवरून नजर न काढता म्हणाल्या.

काकांनी झपाटा लावला. जुन्या संगणकातली, सगळ्या फायली जिच्यात असतात ती एसएसडी काढून नव्या बोर्डावर बसवली, शेजारी विटेएवढा कूलर चढवला आणि एसएसडीच्या डोक्यावर पाटाएवढं ग्राफिक्स कार्ड. टक्! बटण दाबलं. पंखे गरगरले, पडदा मात्र काळाठिक्कर!

"काय बिघडलंय ते कळायची सोय नाही का हो?"

"आहे तर! तेच या बोर्डाचं वैशिष्ट्य. काय चुकलं त्याचा आकडा बोर्डावरच्या छोट्या खिडकीत उमटतो."

"कुठाय खिडकी?"

काकांनी मान वाकडी करकरून शोधली. "कार्डाखाली."

"मग काढा की कार्ड!"

कार्ड सोडवायची खिटी होती कूलर आणि कार्ड यांच्या फटीत. तिथे मुंगीलाही अंग चोरावं लागलं असतं. काकांनी करंगळी घातली आणि ती अडकली! पाच मिनिटांच्या झटापटीनंतर करंगळी सुटली, कार्ड जिथल्या तिथे.

"राहू द्या. लेख तरी पाठवून टाका."

"लेख..." काका मटकन खुर्चीत बसले. "लेख एसएसडीवर आहे."

"आणि एसएसडी?"

"कार्डाखाली!"

दुसरी प्रत नव्हती. पुन्हा लिहावा तर काय लिहिलं होतं तेच आठवेना, कारण बोर्ड मुळात बघितला होता कुणी! साडेचार झाले. अकरा वर्षांचं सदर डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं आणि काकांना खरंच रडू यायला लागलं.

काकूंनी कोट बाजूला ठेवला आणि त्या फटीत डोकावल्या. "कुणी आखलाय हा? आम्ही कोट अंगावर घालायला लावतो, खिशात हात जातोय का ते बघतो. टेबलावर पसरलेल्या कापडात सगळेच खिसे छान दिसतात! आधी प्लग काढा." मग त्यांनी आपली लाकडी फूटपट्टी फटीत सरकवून खिटी दाबली. "हं, उचला." कार्ड अलगद वर आलं.

प्लग लावून बटण दाबताच खिडकीत आकडा उमटला. पुस्तिका सांगत होती, मेमरीची पट्टी अर्धवट बसली आहे. ही चूक मात्र सर्वस्वी काकांची! त्यांनी पट्टी दाबून बसवली, पडद्याची वायर थेट बोर्डाला जोडली आणि संगणक सुरू झाला. लेख उघडला. 'सगळं एका बोटाने निघतं' हे वाचून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या खटाटोपाने सोडवलेला लेख त्यांनी स्वतःच पुसून टाकला आणि घडलं ते सगळं लिहून काढलं, करंगळीसकट. खिशाचं वाक्य काकूंच्या नावानिशी घातलं. गुण दिले सहा. पाचला एक मिनिट असताना लेख गेला.

लगेच संपादकबाईंचा फोन! "अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमचा लेख शेवटपर्यंत वाचला. सदर चालू!" काका इतके खूश झाले की त्यांनी उरलेल्या कोटाची बटणं लावून द्यायची तयारी दाखवली. काकूंनी ती नाकारली.

पुढच्या महिन्यात मासिकाकडून नवीन बोर्ड आला. कुरियरवाल्याने दारातच विचारलं, "बाई आहेत का? पार्सल त्यांच्या नावावर आहे."

काकांनी पत्ता दोनदा वाचला. 'तपासणीसाठी' या शब्दापुढे काकूंचंच नाव होतं.

"त्या कापड आणायला गेल्यात. माझ्याकडे द्या."

"तुम्ही कोण त्यांचे?"

काकांनी पेन घेतलं, क्षणभर विचार केला आणि सही करता करता म्हणाले, "मदतनीस."