खुणेला खूण

दोरीवरचे चिमटे गायब झाले आणि माझी ओली साडी शेवग्यावर जाऊन बसली, की मी ओळखते. यशवंत भाऊजींनी कुणाच्या तरी गाडीचा टायमिंग बेल्ट काढलाय.

आगरदांड्याला जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी खानावळ, आणि मधलं ते शेवग्याचं झाड सोडलं की भाऊजींचं गॅरेज. नवा बेल्ट इंजिनाच्या चाकांवर चढवताना दातांवरून सटकू नये म्हणून त्याला चिमटे लावावे लागतात म्हणे. लावा ना! पण माझेच? खाडीचा वारा काय माझ्या कपड्यांसाठी थांबतोय? कितीदा सांगितलं, "भाऊजी, स्वतःचे घ्या की विकत!" त्यावर उत्तर ठरलेलं. "वैनी, नव्या चिमट्याची पकड कच्ची. तुमचे मुरलेले हायेत." आता मुरलेल्या चिमट्यांवर माणसानं काय बोलावं?

बेल्ट निघाला की गॅरेजात सोवळं सुरू. बॉनेटजवळ कुणी शिंकायचं नाही, गाडीला टेकायचं नाही. एकदा एक कोंबडी बंपरवर चढली तर भाऊजी असे ओरडले की जेटीवरची माणसं धावत आली. मी एकदा विचारलं, एवढं काय असतं हो त्यात? ही माझीच चूक. तेव्हापासून दर वेळी ऐकतेय.

"ह्ये बघा वैनी. वरती दोन दांडे, त्या दोन जावा. खाली मोठा दांडा, ती सासू. सासूचे दोन फेरे व्हतात तवा जावांचा एक. तिघींना एका तालात ठेवतो तो ह्यो पट्टा. पट्टा निघाला की जावा मोकळ्या. एकीनं जरा जरी मान वळवली आणि तशीच गाडी चालू केली, की आत हाणामारी! इंजिनाचे सगळे व्हाल्व वाकडे!"

माझ्या सासूबाई आत भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, "दोनच फेरे? नशीबवान दिसते बाई."

जावांनी मान वळवू नये म्हणून भाऊजी बेल्ट काढायच्या आधी चाकांवर पांढऱ्या नेलपॉलिशचे ठिपके देतात. नवा बेल्ट बसला, चिमटे निघाले, की मोठ्या पान्यानं इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं आणि ठिपके परत जागेवर येतात का बघायचं. ते आले की भाऊजी छाती फुगवून म्हणतात, "लागली खुणेला खूण!" हे वाक्य त्यांनी कुठेही लावावं. लग्नाची बोलणी असोत, नाही तर माझी सोलकढी असो. घोट घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, "आज न्हाय लागली खुणेला खूण." असा राग येतो!

मागे एक मुंबईचं कुटुंब दिघीला जाणाऱ्या बोटीसाठी थांबलेलं. बेल्ट बदलून झाला, गाडी झकास सुरू झाली, पोरं आत बसली. भाऊजींच्या मनात शंका आली. झालं! उतरवलं सगळ्यांना, परत सगळं खोललं. बोटीमागून बोटी सुटल्या, पोरांनी माझे वडे संपवले, बाईंचं नवऱ्याशी भांडण होऊन मिटलंसुद्धा. शेवटी भाऊजी घाम पुसत उठले. "बरोबरच व्हतं," म्हणाले, "पण आता खात्री झाली." वर तोंड करून हसले! त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

पण खुणेच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाही, हेही खरं. जरा जरी फरक असला तरी "चालंल" हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही.

सुजाता त्यांची एकुलती एक लेक. आई गेली तेव्हा ती शाळेतसुद्धा जात नव्हती. भाऊजींनीच तिला वाढवलं, तेही त्यांच्या पद्धतीनं. सकाळी तिच्या वेण्या घालायचे. दोन्ही रिबिनी एका उंचीवर आल्याशिवाय सोडायचे नाहीत. तिकडे शाळेची घंटा होऊन जायची आणि इकडे हे डावी वेणी सोडून परत घालतायत! मी म्हणायची, द्या हो इकडे, मी घालते. पण छे.

ती पोरगी त्या गॅरेजातच मोठी झाली, इंजिनाचं शिक्षण घेतलं आणि यंदा तिला पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली. भाऊजींनी जेटीवरच्या तिकीटवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. आणि मग त्यांचं जेवण तुटलं. माझ्याकडे यायचे, भात चिवडत बसायचे. मी सरळच विचारलं, "भाऊजी, एकट्यानं कसं व्हायचं तुमचं?"

"काय व्हायचंय? पोरगी काय परदेशी चाललीय?" असं म्हणून नाक पुसलं आणि माझ्या रश्शाला तिखट म्हणाले. रश्शात त्या दिवशी मिरची कमीच होती. माझ्या जिवाला घोर लागला. त्यांच्या घरात आता संध्याकाळी बोलायला कोण असणार?

सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. शनिवारी दुपारी जेवून ती स्वतःची जुनी गाडी घेऊन निघणार होती. "ताम्हिणीच्या घाटातून जायचंय. बेल्ट बदलल्याबिगर सोडायचा न्हाय," म्हणून भाऊजींनी सकाळीच बॉनेट उघडलं. माझे चिमटे गेले. त्या दिवशी मी साडी दोरीला गाठ मारून वाळत घातली.

जेवणाच्या वेळेला बेल्ट बसला. बॅग गाडीत ठेवून झालेली. मी मोबाईलची बॅटरी धरून उभी, सुजाता शेजारी. भाऊजींनी पाना लावला, सावकाश दोन फेरे फिरवले. ठिपके येऊन अगदी समोरासमोर थांबले. एवढ्या वर्षांत मलाही कळायला लागलंय. मी म्हणणारच होते, लागली!

भाऊजी तिकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "हललीय."

"काय हललीय?"

"इकडची जाऊ. एक दात पुढं गेलीय." त्यांनी पाना काढून घेतला. "आज न्हाय व्हायचं. उद्या सकाळी परत काढाय लागंल."

अहो, चष्मा नसताना माझ्या सासूबाईंनाही दिसलं असतं, इतक्या सरळ खुणा होत्या! मी बॅटरी तशीच धरून ठेवली.

सुजाता वाकली. या कामात ती बापाच्या बरोबरीची, तिच्यापासून काय लपणार? बराच वेळ ती त्या ठिपक्यांकडे बघत होती. आता ही म्हणणार, बाबा, बरोबर आहे की.

"हो बाबा," ती म्हणाली. "हललीय खरी. बरं झालं तुम्ही बघितलंत. उद्या निघते मग."

तिनं मागचं दार उघडलं, बॅग काढली आणि घरात घेऊन गेली.

भाऊजी खाली मान घालून पाना पुसत बसले. स्वच्छच होता तो. मी बॅटरी बंद केली, पदरानं डोळे टिपले आणि निघाले, तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला.

"वैनी, ताजे बोंबील मिळतात का बघा. पोरगी हाय आज जेवायला."