वाघमारे काकांचं पिवळं लेबल

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की सोसायटीची नोटीस यायच्या आधी तिच्या दारावर वाघमारे काकांचं लाल लेबल लागलेलं असतं. लेबलावर तारीख, वेळ, दोषाचा प्रकार आणि खाली काकांची सही. सही अशी की खोडून दाखवा म्हणावं.

काका आमच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे परभणीकडचे. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. माल चांगला असेल तर हिरवं लेबल, म्हणजे ओके. दुरुस्त होण्यासारखा असेल तर पिवळं, म्हणजे रीवर्क. आणि कामातून गेलेला असेल तर लाल, म्हणजे रिजेक्ट. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं शाल दिली, घड्याळ दिलं. काकांनी मात्र स्टोअरमध्ये पडून असलेले जुन्या छापाचे लेबलांचे गठ्ठे मागून घेतले आणि रीतसर गेटपास करून घरी आणले. तेव्हापासून आमचा अख्खा चिखलीचा परिसर त्यांची असेंब्ली लाईन झाला आहे.

पप्पांच्या गाडीच्या चेनला पिवळं लेबल लागलं. आईच्या लिंबाच्या लोणच्याला तर लाल लागलं, त्यावरून आई आठ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. खालच्या मजल्यावर बारसं होतं तेव्हा काकांनी बाळाला नीट वरखाली न्याहाळलं, दोन्ही पंजे मोजून पाहिले आणि खिशातून हिरवं लेबल काढलं. बाळाच्या आजीनं ते आशीर्वाद समजून पाळण्याला चिकटवलं. अजून आहे.

लेबल लावण्याआधी चौकशी होते. कंपनीत शिकवलेलं असतं की दोष सापडला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण हाती लागतं. काका ते परभणीच्या भाषेत विचारतात. एकदा दूधवाला उशिरा आला.

"उशीर कामून झाला?"

"गाडी पंक्चर झाली, काका."

"पंक्चर कामून?"

चौथ्या ‘कामून’ला गोष्ट दूधवाल्याच्या मेव्हण्यानं मागून नेलेल्या स्टेपनीपर्यंत गेली आणि पाचव्याला तो बिचारा जिन्यात बसून घरातली सगळी भांडणं सांगायला लागला. दुसऱ्या दिवसापासून दूध वेळेवर येतं, हेही सांगायला हवं.

अशा माणसाच्या तावडीत मी बारावीनंतर सापडले. मला विद्यापीठाच्या म्युझिक प्रॉडक्शनच्या कोर्सला जायचं होतं. घरात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वेल्डिंगची शिफ्ट करून आलेले पप्पा चहा घेत होते.

"म्हणजे तू गाणार?"

"नाही."

"मग वाजवणार व्हय?"

"थोडंसं. पण मुख्य म्हणजे दुसऱ्यांनी गायलेलं, वाजवलेलं रेकॉर्ड करायचं आणि नीट जुळवायचं."

पप्पांनी बराच विचार केला. "म्हणजे फिनिशिंग," ते म्हणाले. आजवर या विषयाची इतकी सोपी व्याख्या मला कुणी सांगितलेली नाही. पण अट त्यांनी स्पष्ट घातली. या वर्षी नंबर लागला तर लागला, नाहीतर गपचूप बीसीएसचा फॉर्म भरायचा. जागा मोजक्या होत्या. स्वतः तयार केलेल्या तीन रचना पाठवायच्या आणि त्या पसंत पडल्या तर ऑनलाइन मुलाखत. माझ्याकडे मावसभावाचा जुना लॅपटॉप होता, त्याचेच दोन स्पीकर होते आणि दीड महिना होता.

पहिल्या रचनेसाठी मी शेजारच्या वर्कशॉपमधल्या पत्रा कापणाऱ्या प्रेसचा ठोका मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला. त्यावर ढोलकी टाकली, खाली जाड बेस टाकला आणि मोठ्यानं लावला. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात काका.

"सॉरी काका, आवाज कमी करते."

"आवाजाचं कोण विचारायलंय? दर चौथ्या ठोक्याला कायतरी लटपटायलंय. मला वर पायाला लागलं."

आत येऊन त्यांनी खुर्ची ओढली, टेबलावर स्पीकरशेजारी तळहात पसरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लाव." दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "मला सूर कळत न्हाई अन् ताल बी कळत न्हाई. पण तू दोन पार्ट एकाच जागेत बसवायलीस. घासायलेत एकमेकाला." आणि लॅपटॉपच्या झाकणावर पिवळं लेबल चिकटवून निघून गेले.

मला राग आला. पण हेडफोन लावून ऐकलं तर खरंच ढोलकीचा खर्ज आणि बेस एकमेकांच्या अंगावर पडत होते. कोर्सच्या पहिल्या सत्रात आम्हाला हेच एका भारदस्त नावाखाली शिकवलं. मला ते आमच्या टेबलावर फुकटात मिळालं होतं.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी सातला येऊ लागले. एका तारखेला ‘कस्टमर ऑडिट’ आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि विद्यापीठ म्हणजे कस्टमर. त्यांनी माझ्यासाठी चेकशीट आखलं. त्यात रचनेचं नाव ‘पार्ट नंबर एक’ असं होतं. हसू यायचं, पण ‘कामून’ सुरू झालं की माझं हसू जायचं.

"इथं ढोलकी कामून?"

"छान वाटते."

"छान कामून वाटती?"

"भरल्यासारखं वाटतं."

"भरायचं कामून?"

असं करत करत पाचव्याला मी चिडून म्हणाले, "कारण रिकामी जागा राहिली की मला भीती वाटते, वाटतं की ऐकणारा उठून जाईल!" हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

"हां," काका म्हणाले. "मग हा ढोलकीचा दोष न्हाई." मी ढोलकी काढून टाकली. त्या जागी नुसता प्रेसचा ठोका राहिला आणि रचनेला पहिल्यांदा श्वास आला. हिरवं लेबल मिळालं. दुसरी रचना पहाटेच्या शिफ्टच्या बसवर होती, इंजिनाची घरघर आणि डुलक्या घेणारी माणसं. तिला तीन वेळा पिवळं आणि मग हिरवं.

तिसरी मात्र माझी सगळ्यात लाडकी होती. तिच्यात मी रिकाम्या जागेला अजिबात घाबरले नव्हते. आई भाकरी थापताना वाजणाऱ्या तिच्या काचेच्या बांगड्या, मोरीतल्या नळाचे थेंब आणि त्यावर अगदी बारीक, वरच्या पट्टीतली एक धून. बेस नाहीच. काकांनी नेहमीप्रमाणे तळहात ठेवला, डोळे मिटले. रचना संपली तरी तसेच बसून राहिले. "संपलं, काका," मी म्हणाले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. खिशाकडे हात नेला. तिन्ही रंगांचे गठ्ठे खिशात होते, पण एकही बाहेर आला नाही.

"उद्या बघू," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. ‘कामून’सुद्धा नाही.

मी फार दुखावले. लाल चाललं असतं. निदान दोष तरी कळला असता. लेबल लावण्याच्याही लायकीचं नाही असं काय केलं होतं मी? फाइल पाठवायला चार दिवस उरले होते. मी ठरवलं की ही रचना काढून टाकायची आणि घाईघाईनं काहीतरी दणदणीत बनवून पाठवायचं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी काका हेल्मेट घेऊन दारात उभे राहिले. "चल, तुझे कान कॅलिब्रेट करून आणू."

त्यांचं म्हणणं असं की मोजमापाचं कुठलंही गेज ठरावीक मुदतीनं तपासून, त्यावर स्टिकर लावून घ्यावं लागतं. माझ्या धंद्यात गेज म्हणजे कान. कानांचा दाखला नसेल तर ऑडिटर पहिल्याच प्रश्नाला पकडेल. आईनं डोक्याला हात लावला, पण काकांशी वाद घालायला वेळ लागतो आणि जाऊन यायला कमी लागतो, म्हणून मी गेले. भोसरीत एका गल्लीत कंपन्यांचे कामगार दरवर्षी ज्या ठिकाणी कान तपासून घेतात तिथं त्यांनी मला नेलं. रांगेत सगळे युनिफॉर्ममधले बाप्ये आणि मध्ये मी. काचेच्या दाराची छोटी खोली, कानांवर हेडफोन, बारीक टूं ऐकू आलं की बटण दाबायचं.

"एकदम फर्स्टक्लास कान," तपासणारे सर म्हणाले.

"व्हॅलिडिटी किती धरायची?" काकांनी विचारलं.

सर हसले. "हिचं सोडा, वाघमारे साहेब. तुमचं कानाचं मशीन कधी घेताय? पुढच्या महिन्यात म्हणताय, तीन वर्षं झाली." आणि त्यांनी कपाटातून काकांच्या तपासणीचा जुना आलेख काढून माझ्या आलेखाशेजारी ठेवला. माझी रेघ शेवटपर्यंत वरच सरळ गेली होती. काकांची निम्म्यापर्यंत बरी चालली होती आणि मग घाट उतरावा तशी खाली गेली होती. "प्रेसशॉपमध्ये होतं असं," सर मला म्हणाले. "जाड आवाज येतात. बारीक आवाज गेलेत." काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मी विचारलं, "काका, तिसरी रचना?"

"न्हाई ऐकू आली," काका म्हणाले. "टेबल बी गप होतं."

"मग हिरवं लावून मोकळं व्हायचं होतं ना. मला काय कळणार होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाण बोलले होते. "न तपासता सही केली न्हाई मी आजपर्यंत. तुझ्यासाठी बी करणार न्हाई." मग कपातला चहा हलवत हळूच म्हणाले, "इन्स्पेक्टरचा कान गेला म्हणून गावभर सांगत फिरू का मी?"

मला रडूच आलं, तिथं रस्त्यावर, भर गर्दीत. तीन दिवस मी या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते! काका घाबरून गेले. "अगं, रडती कामून? गेज तर पास झालंय तुझं. तुझ्या कानाला काय वाटायलंय, चांगलीय का ती?"

"चांगली आहे."

"कामून?"

मी सांगत गेले. बसच्या हॉर्नच्या वरताण ओरडून सांगावं लागत होतं. पाचव्या ‘कामून’ला मी म्हणाले की त्या बांगड्या मी जन्मल्यापासून ऐकतेय आणि आई कधी दमली हे त्यांच्या आवाजावरून कळतं, हे मला ही रचना करेपर्यंत उमगलंच नव्हतं.

"मग पाठव," काका म्हणाले. मी पाठवली.

रचना पसंत पडल्या. ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशी काकांनी लिफ्टवर, पाण्याच्या मोटरवर आणि चार घरांतल्या कुकरवर लाल लेबल लावलं आणि भंगारवाल्याला फाटकाबाहेर चहा पाजत बसवून ठेवलं. पाऊण तास आमची बिल्डिंग इतकी शांत होती की बारशाचं ते बाळ घाबरून रडलं. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ बांगड्यांवरच घालवला. इथे काहीच का नाही घातलं, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे पाच उत्तरं तयार होती.

पंधरा दिवसांनी यादी लागली. माझं नाव होतं. पप्पा "पोरगी फिनिशिंगला लागली" असं सांगत पेढे वाटत होते. काकांचे पेढे मी स्वतः वर घेऊन गेले. आज मी दुसऱ्या वर्षाला आहे. या कोर्सला मला कुणी पोचवलं असं विचारलं तर मी सूर-ताल न कळणाऱ्या या माणसाचं नाव सांगते आणि ते सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो.

त्या दिवशी काकांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. आतून मोबाइल घेऊन आले. त्यांची लेक बंगळुरूला असते. तिची चार वर्षांची मुलगी, पिहू, दर रविवारी आजोबांना बोलून मेसेज पाठवते. काका उत्तर म्हणून अंगठा पाठवतात.

"आवाज कळतो," काका म्हणाले. "तिचाच हाय हे बी कळतंय. पण काय म्हणती ते न्हाई कळत. नुसती चिवचिव. लेकीला विचारावं तर तिला कानाचं समजंल, अन् ती मला इथं एकटा राहू देणार न्हाई. तुला जमंल का काही?"

मी खाली जाऊन लॅपटॉप आणि स्पीकर आणले. पिहूचा आवाज खालच्या पट्टीत उतरवला, जरा संथ केला, शब्दांच्या कडा वर काढल्या. कोर्स सुरू व्हायच्या आधीचं माझं पहिलं काम. लावलं, तर पिहू सोसायटीच्या वॉचमनसारखी बोलायला लागली. काका पोट धरून हसले. "ही तर आमच्या फोरमनसारखी बोलायली गं!" मग म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा हसले नाहीत. तिसऱ्यांदा स्पीकरच्या अगदी जवळ वाकले. तो जाडाभरडा, संथ आवाज म्हणत होता, "आजोबा, तुम्ही जेवलात का? मागच्या वेळी पण विचारलं होतं. तुम्ही नुसता अंगठाच पाठवता."

"जेवलो, बाई," काका स्पीकरला म्हणाले. "जेवलो."